प्राध्यापक सरपंच: पांझराकाठच्या एका गावातली पाच वर्षं

गाव धुळे जिल्ह्यातलं, पांझरेच्या काठचं. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन शिकवणारे आणि निवृत्तीनंतर गावच्या कारभारात उतरावं का, असा विचार मनात घोळवणारे पुष्कळ सहकारी भेटतात. त्यांच्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे. यातल्या सरांना, म्हणजे निवृत्तीनंतर सरपंच झालेल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना, मी पंचायत राजच्या प्रशिक्षण वर्गांपासून ओळखतो. कागदपत्रं त्यांनी स्वतः दाखवली. त्यांच्या विरोधात अविश्वासाच्या नोटिशीवर सही करणाऱ्यांशीही बोललो.

पार्श्वभूमी

सर १९५७ साली याच गावात जन्मले. घरची थोडी जमीन फडात होती. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी फडाबद्दल दोन शब्द. पांझरेवर ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाट निघतो आणि पाटाखालचं शिवार फडांमध्ये विभागलेलं असतं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा पाणी किती आहे, कोणते फड भिजवायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे शेतकऱ्यांनी आधी एकत्र बसून ठरवायचं. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, राखण जागल्याची. सरकारी खातं जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलं.

१९८१ मध्ये सर तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्राचे अधिव्याख्याता झाले. तेव्हा आपल्याकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं ते १९९० मध्ये. बलवंतराय मेहता, वसंतराव नाईक, बोंगिरवार, पी. बी. पाटील ही पंचायत राज कसं असावं ते सुचवणाऱ्या समित्यांची माळ त्यांनी वर्षानुवर्षं शिकवली. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना ती झोपेतही म्हणता येते. गंमत अशी, की सर वर्गात लोकशाही विकेंद्रीकरण शिकवत होते त्या काळात राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७९ नंतर थेट १९९२ मध्ये झाल्या. मधली तेरा वर्षं मतदाराला कोणी विचारलं नाही.

मग पंचायतींना घटनेत स्थान आणि बायकांना राखीव जागा देणारी ७३वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, आणि सरांच्या आयुष्याला वेगळं वळण लागलं. राखीव जागांवर निवडून आलेल्या बायकांना प्रशिक्षण द्यायला माणसं हवी होती. कायदा सोप्या भाषेत सांगणारा, वर अहिराणीत बोलणारा प्राध्यापक मिळाल्यावर पंचायत समित्यांनी त्यांना सोडलं नाही. पुढे ते प्रवीण प्रशिक्षक झाले. साक्रीपासून धडगावपर्यंत शेकडो सदस्यांनी त्यांच्याकडून ग्रामसभेची गणपूर्ती, नमुना ८ (घरांच्या कर आकारणीची नोंदवही), नमुना ९ (कराच्या मागणीची नोंदवही), मासिक सभेचं इतिवृत्त हे सगळं शिकून घेतलं. वर्ग सुरू झाला की सदस्य बाई मागे आणि त्यांचे मालक दारात, हा ठरलेला देखावा. सर मालक मंडळींना चहाला पाठवायचे आणि चहावाल्याला आधीच सांगून ठेवायचे, की घाई करू नको.

२०१५-१६ मध्ये ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा सरकारी उपक्रम आला. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात जाऊ लागला आणि प्रत्येक गावाने आपला आराखडा आपण करायचा, असं ठरलं. सरांनी तीसेक गावांचे आराखडे हाताखालून घातले. २०१७ मध्ये साठ पूर्ण झाली आणि ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर समोर काय होतं

चार वाटा होत्या. विद्यापीठात संशोधनाला मार्गदर्शन करत राहणं, ही घरच्यांची पसंती. प्रशिक्षक म्हणून फिरत राहणं, ही त्यांच्या पायांना सवयीची. एका पक्षाने जिल्हा परिषदेच्या गटाचं तिकीट देऊ केलं होतं. ते सरांनी विचारातही घेतलं नाही, कारण गटात चौदा-पंधरा गावं आणि खर्च आवाक्याबाहेरचा. चौथी वाट त्यांच्या मागे चालत आली. त्या वर्षी राज्याने सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा केला. गावचं सरपंचपद सर्वसाधारण होतं, आणि गावात दोन भाऊबंदक्यांचं भांडण इतकं टोकाला गेलेलं, की दोघांनाही चालेल असा माणूस हवा होता.

सरांनी हो म्हटलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “छत्तीस वर्षं पोहायला शिकवलं, एकदा पाण्यात उतरून बघू.” मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं स्वतः करून दाखवावं, ही ओढ मास्तर माणसाला असतेच. पण ती ओढ गावाची गरज नसते. गावाला भांडण मिटवणारा हवा होता, सरांना नमुनेदार ग्रामपंचायत करून दाखवायची होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते चांगल्या मताधिक्याने निवडून आले. अकरा सदस्यांपैकी सहा त्यांच्या पॅनलचे. गावाची गरज आणि सरांची ओढ यांतला फरक तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही.

अडचण

गावाची विहीर नदीपात्रात. तिथून पंपाने पाणी टाकीत, टाकीतून वाड्यावस्त्यांना. कागदावर एक दिवसाआड, प्रत्यक्षात आठ दिवसांनी. पंपाचं आणि दिवाबत्तीचं वीजबिल थकलेलं, कारण पाणीपट्टी येत नव्हती. पाणीपट्टी येत नव्हती, कारण पाणी येत नव्हतं. घरपट्टीची वसुली तिसऱ्या हिश्शाच्या आत. हा गुंता खान्देशातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत सापडेल, त्यात नवीन काही नाही.

सरांनी पहिल्या सहा महिन्यांत जे केलं ते पुस्तकाबरहुकूम होतं. कर आकारणीचे नियम २०१५ च्या शेवटी बदलले होते. आता घराच्या भांडवली मूल्यावर पट्टी बसवायची होती. गावाची आकारणी जुनीच चालली होती. सरांनी फेरआकारणी हाती घेतली, मोजणी करवली, यादी लावली, हरकती मागवल्या, सुनावण्या घेतल्या. जोडीला त्यांनी चाळीस पानांचा आराखडा केला. चौदाव्या आयोगाच्या निधीतला दहा टक्के हिस्सा कामगिरीवर मिळतो आणि त्यासाठी हिशेबाचं लेखापरीक्षण व स्वतःच्या उत्पन्नात वाढ दाखवावी लागते, हे त्यांनी ग्रामसभेत तक्त्यांसह समजावून सांगितलं. तास-सव्वा तास बोलले. शेवटी एक म्हातारे पाटकरी उठले आणि म्हणाले:

“सर, फडनं पानी कसं वाटतस ते तुम्हीन पुस्तकमा लिखं. गावनं पानी मात्र वॉलवाला वाटस.”

सभा हसली. सरही हसले. म्हाताऱ्याने दिलेली माहिती मात्र सरांनी थट्टा म्हणून सोडून दिली, असं त्यांच्या त्या दिवसाच्या टिपणावरून दिसतं. टिपणात तिचा उल्लेखच नाही. वॉल, म्हणजे पाइपवरचा व्हॉल्व्ह, फिरवणारा कर्मचारी कोणाच्या गल्लीला किती वेळ पाणी सोडतो हे सगळं गाव जाणून होतं. पट्टी कोण भरत नाही आणि का भरत नाही, याचं उत्तरही तिथेच होतं.

नवी आकारणी लागू झाली तेव्हा पाऊस ओढ देत होता. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. हा तालुका त्यांत होता. वाढीव पट्टी, कोरडी विहीर आणि हातात कापसाचा अर्धा उतारा. वसुली होती त्याहून खाली गेली.

दडलेली अडचण: थकबाकीदार सदस्य

नोव्हेंबर २०१८ मध्ये सर एका संध्याकाळी ग्रामपंचायतीत नमुना ९ची मागणी नोंदवही स्वतः चाळत बसले. तोवर त्यांनी ग्रामसेवकाने काढून दिलेले गोषवारेच पाहिले होते. नोंदवहीत नाव-नाव वाचत गेल्यावर दिसलं, की अकरा सदस्यांपैकी पाच जणांची घरपट्टी दोन ते चार वर्षांची थकलेली आहे. त्यातले तिघे त्यांच्याच पॅनलचे.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये सदस्याच्या अपात्रतेची कारणं दिली आहेत. त्यातलं ‘ह’ पोटकलम सांगतं, की पंचायतीला देणं असलेला कर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत भरला नाही तर सदस्य अपात्र ठरतो. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. सर हे पोटकलम प्रत्येक प्रशिक्षणात ठासून सांगायचे. मी स्वतः ऐकलं आहे: “बाकी सगळं विसरा, हे एक विसरू नका, नाहीतर गावातला कुणीही तुम्हाला घरी बसवेल.”

ग्रामसेवकाला विचारलं. तो सरांचा विद्यार्थी, बी.ए.ला त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला हे रुजू झाल्यापासून ठाऊक होतं. वर्षभर तोंड का उघडलं नाही, असं विचारल्यावर तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसला. मग म्हणाला, “सर, मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल. आणि तुम्हाला मी काय सांगणार?”

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. पंचायत राजवर अधिकारवाणीने बोलणारा माणूस त्या खुर्चीत बसल्यावर त्याच्यापर्यंत गावची खबर पोचणंच थांबलं. ग्रामसेवक अर्ध्या वाक्यात माघार घेई. विस्तार अधिकारी तपासणीला आले की सरांच्या पाया पडून दप्तरावर वरवर नजर टाकत. तेही कधीकाळी त्यांच्या वर्गात बसलेले. सदस्यांना वाटे, आपण काही बोललो तर सर कलम काढतील. आधीचा सरपंच चौथी पास होता, पण कोणाची किती थकबाकी आहे हे त्याला तोंडपाठ होतं, कारण ओट्यावर बसून लोक त्याला सगळं सांगत.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी बाहेर आली. मागणीची बिलं गेली तीन वर्षं वाटलीच नव्हती. छापून गठ्ठ्यात पडली होती.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय, पाचही जणांचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. कायद्याच्या अक्षराने पाहिलं तर तो टिकलाच नसता. तीन महिन्यांची मुदत मागणीपासून मोजतात. बिल दिल्याची पोच नसेल तर मुदत सुरूच होत नाही. शिवाय पॅनल जागेवर फुटलं असतं.

दुसरा, गप्प बसायचं आणि पाच जणांना घरी बोलावून सांगायचं, बाबांनो भरून टाका. गावचा कारभार बहुतेक ठिकाणी असाच चालतो आणि तो अगदीच वाईट असतो असं मी म्हणणार नाही. सरांच्या बायकोने हाच सल्ला दिला होता. पण विरोधी बाजूच्या दोघांना सरांच्या ओसरीवर येऊन हे ऐकणं म्हणजे शरणागती वाटली असती, आणि ते आले नसते.

तिसरा, सगळ्या गावाला एकाच दिवशी बिलं द्यायची, प्रत्येकाची पोच घ्यायची, आणि त्या दिवसापासून घड्याळ सुरू करायचं. यात कोणावर नेम धरला असं होत नाही. मात्र दुष्काळात दारोदार बिल घेऊन जायचं होतं.

चौथा पर्याय एका सदस्य बाईने सुचवला. बिलं वाटा, पण आधी पाण्याचं काहीतरी करा. दोन महिने थांबा. सरांनी तो ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. लोकसभेची आचारसंहिता मार्चमध्ये लागेल, मग काहीच करता येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. आचारसंहिता १० मार्च २०१९ ला लागलीच.

काय केलं

जानेवारी २०१९ मध्ये बिलं वाटली. पहिलं बिल सरांच्या घरी, दुसरं त्यांच्या चुलतभावाच्या. सरांची पट्टी भरलेली होती. भावाची नव्हती, त्याने त्याच दिवशी भरली आणि नंतर वर्षभर सरांशी बोलला नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वॉर्डवार थकबाकीची यादी लागली, सदस्यांच्या नावांसकट.

त्या तीन महिन्यांतली एक गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. थकबाकीदार पाच सदस्यांत पॅनलमधली एक बाई होती, शेतमजुरी करणारी. चार हजारांच्या वर रक्कम. तिने बचत गटातून कर्ज उचललं आणि मुदतीच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत आली. पैसे पदराच्या गाठीतून काढले, सगळ्या शंभराच्या नोटा. ग्रामसेवकाने पावती पुस्तकात सवयीने तिच्या मालकाचं नाव लिहिलं. ती म्हणाली, नाव माझं टाका. त्याने सांगितलं, की चालतं, घर एकच आहे. तिने पावती घेतलीच नाही. नमुना ८ला घर दोघांच्या नावावर आहे, सदस्य मी आहे, उद्या माझ्यावर अर्ज झाला तर ही पावती दाखवायला मालकाला पाठवू का, असं तिचं म्हणणं. ग्रामसेवकाने पहिली पावती रद्द करून तिच्या नावाची दुसरी फाडली. ती तिने घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली. सरांच्या २०११ सालच्या एका वर्गात ती बसली होती. सरांना ती आठवत नव्हती.

पाचपैकी चौघांनी मुदतीत भरलं. राहिलेला एक सरांच्या पॅनलचा, गावातल्या मोठ्या भाऊबंदकीतला, उपसरपंचपदाचा दावेदार. पैशाचा प्रश्न नव्हता. “सरांनी फळ्यावर नाव लिहिलं, आता बघतोच,” असं तो चारचौघांत म्हणाला. विरोधी गटातल्या एका गावकऱ्याने त्याच्यावर अपात्रतेचा अर्ज केला. अर्ज सरांनी केला नव्हता, पण सगळी कागदपत्रं, पोच, नोंदवहीच्या नकला सरांच्या कारभारानेच तयार झालेल्या. पुढे तारखांवर तारखा पडत गेल्या.

पाण्याचा प्रश्न तोवर तसाच. मे महिन्यात टँकरची वेळ आली तेव्हा सर त्या म्हाताऱ्या पाटकऱ्याच्या घरी गेले. यावेळी वही नेली नाही. दोघांच्या बोलण्यातून जे निघालं ते साधं होतं. फडात जसं आधी ठरतं की यंदा एवढंच भिजेल, तसं गावातही आधी सांगायचं: धरणातून पिण्याचं आवर्तन सुटलं, की विहीर किती दिवस चालेल, कोणत्या वॉर्डाला कोणत्या दिवशी, किती वेळ. वॉल फिरवताना त्या वॉर्डाची दोन माणसं हजर राहतील, त्यांतली एक बाई. वेळ भिंतीवर रंगवायची. वॉलवाल्याला काढलं नाही. त्याच्यावरचा दबाव काढला. आयोगाच्या निधीतून नवा पंप आणि चार नादुरुस्त वॉल बदलले. दोन महिन्यांत पाणी चौथ्या दिवशी, पण ठरल्या वेळी येऊ लागलं. ठरल्या वेळेला किती किंमत असते ते मजुरीला जाणाऱ्या बाईला विचारावं. तिचा रोज बुडायचा थांबला.

पट्टी त्यानंतर येऊ लागली. आधी वसुली आणि मग पाणी हा सरांचा क्रम गावाने उलटा करून घेतला.

अविश्वास

थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. त्यानंतर सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं, आणि वर ग्रामसभेनेही गुप्त मतदानाने तो मान्य करावा लागतो. दोन वर्षं भरली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तहसीलदारांकडे नोटीस दाखल झाली. आरोप तीन: मनमानी, सदस्यांची बदनामी, दुष्काळात करवाढ. पहिला आरोप मोघम. दुसरा, फळ्यावरची यादी पाहता, निराधार म्हणता येणार नाही. तिसरा खरा.

नऊ हात हवे होते. सभेत आठ वर गेले. सहाच्या पॅनलपैकी तिघे विरोधात गेले होते. सरांच्या बाजूने राहिलेल्या तिघांत ती पावतीवाली सदस्य होती. तिच्यावर दबाव किती आला असेल याची कल्पना खेड्यात राहणाऱ्याला करता येईल. मालकाला त्या आठवड्यात मजुरीला कोणी बोलावलं नाही. सरांसाठी थांबलीस का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, “सरांचं काय, ते शिकेल माणूस आहेत, त्यांना पेन्शन आहे. पाण्याची वेळ बदलली असती.”

ठराव पडला, ग्रामसभेपर्यंत गेलाच नाही. चार महिन्यांत कोरोना आला, ग्रामसभा थांबल्या, आणि गावाचं राजकारण विलगीकरणाच्या शाळेभोवती फिरू लागलं. त्या काळातल्या कामाबद्दल सरांना सगळ्यांनी श्रेय दिलं. त्यावर इथे फार लिहीत नाही. तेव्हा बरीच गावं नीट वागली.

निष्पत्ती

२०२२ च्या शेवटी मुदत संपली तेव्हाची स्थिती अशी. चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी दोन तृतीयांशाच्या आसपास वसूल होत होती. जुनी थकबाकी मात्र अर्ध्याहून अधिक तशीच. वीजबिलाचे हप्ते पडले होते आणि पंधराव्या आयोगाच्या निधीचा हातभार लागला होता. जल जीवन मिशनमध्ये गावाची योजना मंजूर झाली. माणशी रोज ५५ लिटर आणि दहा टक्के लोकवर्गणी या अटी ग्रामसभेत वाचल्या तेव्हा वर्गणीवरून ओरड झाली नाही, हा फरक मोठा. नवी आकारणी कागदावर टिकली, पण हरकतींमध्ये इतक्या घरांना सूट मिळाली की अपेक्षित वाढ आलीच नाही. कामगिरीचं अनुदान ज्या वर्षासाठी सरांनी धडपड केली त्या वर्षी मिळालं नाही. अपात्रतेच्या अर्जाचा निकाल लागण्याआधी सदस्याची मुदतच संपली.

पुढच्या वेळी सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. पावतीवाल्या सदस्याने अर्ज भरला आणि थोडक्यात पडली. निवडून आलेली बाई विरोधी पॅनलची. पाण्याचं वेळापत्रक तिने बदललं नाही. भिंतीवर पुन्हा रंग दिला, तेवढं फक्त सरांचं नाव गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

सरांशी यावर बोलणं झालं आहे. आमचं सगळ्यात एकमत नाही.

क्रमाबद्दल एकमत आहे. पाणी आधी, आकारणी नंतर. कायद्याने फेरआकारणी करायला लावली हे खरं, पण निवडून आल्यावर पहिल्याच सहामाहीत ती करायला कोणी लावलं नव्हतं. सरांनी ती आधी केली, कारण ती त्यांना सर्वांत चांगली येत होती. विद्वान माणसाने पदावर आल्यावर हे जपावं: हातात आलेलं पहिलं काम आपल्या हातखंड्याचं निघालं, की जरा थांबून बघावं.

फळ्यावरच्या यादीबद्दल मतभेद आहे. सर म्हणतात, यादी लावली नसती तर चौघांनी भरलं नसतं. माझं म्हणणं असं, की बिलाची पोच आणि तीन महिन्यांची मुदत पुरेशी होती. फळ्याने पाचव्याला अडवून धरलं. पैसे भरणं म्हणजे हार, असं त्याला वाटू लागलं ते फळ्यामुळे. यादी मुदत संपल्यावर लावता आली असती. सरांना हे पटत नाही, आणि त्या गावात राहणारे ते आहेत, मी नाही.

ग्रामसेवकाबद्दल मी अधिक कडक आहे. विद्यार्थी असलेला कर्मचारी हाताखाली असेल तर पहिल्याच आठवड्यात वेगळी सोय लावायला हवी. सरांनी मासिक सभेत त्याचं इतिवृत्त सदस्यांदेखत लाल पेनाने दुरुस्त केलं होतं. भाषा सुधारली, आणि त्यानंतर त्याने स्वतःहून एकही गोष्ट सांगितली नाही. दर सोमवारी दार लोटून अर्धा तास, नोंदवही मध्ये आणि फक्त एक प्रश्न, की या आठवड्यात मला न आवडणारं काय आहे, एवढं केलं असतं तर थकबाकीची बाब वर्षभर आधी कळली असती. दुष्काळ लागण्याच्या आधी. त्या एका वर्षाने पुढचं बरंच काही बदललं असतं.

बाईने सुचवलेला दोन महिन्यांचा विलंबही पुन्हा तपासावासा वाटतो. आचारसंहितेची अडचण खरी होती, पण आचारसंहितेत नवी कामं अडतात, नेहमीची वसुली अडत नाही. सरांनी हा फरक वर्गात शिकवला असता. खुर्चीत बसल्यावर त्यांना घाई झाली होती.

निवडणूक लढवायलाच नको होती का, हा प्रश्न कॉलेजातले सहकारी हमखास विचारतात. सर प्रशिक्षक राहिले असते तर दरवर्षी दोन-तीनशे सदस्य त्यांच्याकडून शिकले असते, एका गावाने पाच वर्षं खाल्ली, असा त्यांचा हिशेब. मला तो पटत नाही, पण कारण गावात झालेलं काम हे नाही. सरांचे वर्ग बदलले. २०२३ पासून ते पुन्हा प्रशिक्षण वर्ग घेतात. ‘ह’ पोटकलम अजून सांगतात, पण आधी विचारतात की तुमच्या गावात बिलं वाटली जातात का, पोच कुठे ठेवता. बऱ्याचदा उत्तर येत नाही. मग दुपारचं सत्र त्यावरच जातं, आणि ग्रामसेवकांना त्या सत्राला सदस्यांच्या शेजारी बसवतात. समित्यांची माळ त्यांनी काढून टाकली आहे. ज्यांना परीक्षेसाठी हवी असते ती पोरं चहाच्या सुट्टीत येऊन विचारतात.